चारशे रुपयांचा रिसीव्हर आणि एक ट्रेनर विमान : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ताई ओवाळायला आली, सोबत भाचा. नववीत आहे. गेल्या वर्षी माझं ग्लायडर उडताना बघितल्यापासून त्याचा एकच धोशा, "मामा, मला शिकवा." या दिवाळीत शब्द पाळायचा असं ठरवलं होतं, म्हणून आजपासून ही वही.

विमान साधं घेतोय. पंख वर, शेपूट लांब, सगळं ५ मिलिमीटर फोम बोर्डात. पंखाची लांबी १२० सेंमी, रुंदी २० सेंमी. मोटर २२१२ जातीची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), तिला १० इंची पंखा, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी. सर्व्हो (पंख-शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) चार, सगळे ९ ग्रॅमचे. एकूण वजन ८५० ग्रॅमच्या आसपास बसायला हवं.

ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, घरात आहेच, फ्लायस्कायचा एफएस-आय६. सहा चॅनल, चार पेन्सिल सेलवर चालतो. त्याच्याबरोबर आलेला एफएस-आयए६बी रिसीव्हर (विमानात बसून रिमोटचे हुकूम घेणारा) माझ्या दुसऱ्या विमानात बसलाय. नवा तोच घ्यायचा तर हजाराच्या पुढे जातं. फ्लायस्कायच्याच एएफएचडीएस २ए या रेडिओ प्रणालीवर चालणारे, वर कुणाचंच नाव नसलेले छोटे रिसीव्हर चारशेला एक मिळतात. तीन मागवलेत.

अशा रिसीव्हरबद्दल आमच्या उडवणाऱ्या मंडळींत दोन तट आहेत. काहीजण म्हणतात, विमानाचा जीव ज्याच्या हातात, त्याच्यात पैसे वाचवू नयेत. बाकीचे लावतात आणि उडवतात. दोन्ही बाजूंनी मोजलेलं फार कमी, ऐकलेलं जास्त. मला एकदा नीट मोजून बघायचंय. भाच्यालाही याच वयात ती सवय लागावी असं वाटतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

पार्सल आलं. तिन्ही रिसीव्हर उघड्या पट्टीसारखे, पारदर्शक हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत) गुंडाळलेले. सोनाराच्या काट्यावर एकेक ६ ग्रॅम. एका बाजूला तीन-तीन पिनांच्या सहा रांगा, दुसऱ्या बाजूला एकच अँटेना. आयए६बीला दोन असतात. पेनाने क्रमांक घातले, एक, दोन, तीन. पुढे घोळ नको.

बाइंड करायला, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडी जमवायला, अडचण आली नाही. बाइंडचा तुकडा पिनांवर चढवला, वीज दिली, दिवा भराभर लुकलुकायला लागला. ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरून तो चालू केला, तसा दिवा स्थिर झाला.

मग भाच्याला सर्व्होचं गणित दाखवलं. सिग्नलच्या पिनेवर सेकंदाला पन्नास वेळा एक स्पंद येतो. स्पंद १ मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो एका टोकाला, २ चा असला की दुसऱ्या टोकाला, दीडचा असला की मधोमध. रिसीव्हर महाग असो की स्वस्त, सर्व्होच्या दाराशी हेच पोचतं. फरक पडतो तो स्पंद यायचे बंद झाल्यावर.

म्हणून पहिली चाचणी फेलसेफची, म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हर काय करतो त्याची. मोटरचा पंखा काढून ठेवला. घरात मोटर जोडायची ती पंखा काढूनच, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. थ्रॉटल (मोटरचा वेग) अर्ध्यावर नेला आणि भाच्याला सांगितलं, "आता ट्रान्समीटर बंद कर."

त्याने केला. मोटर फिरतच राहिली.

पाच सेकंद, दहा सेकंद. रिसीव्हरचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे सिग्नल गेलाय हे त्याला कळलंय, पण शेवटचा हुकूम धरून बसलाय. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हेच वर झालं असतं तर विमान अर्ध्या थ्रॉटलवर बॅटरी संपेपर्यंत सरळ गेलं असतं. रस्त्यावर, शाळेवर, कुठेही.

ट्रान्समीटरच्या मेनूत रिसीव्हर सेटअपमध्ये फेलसेफ असतो. तिसरा चॅनल निवडायचा, चालू करायचा, थ्रॉटलची काडी पूर्ण खाली धरायची आणि कॅन्सल बटण दाबून ठेवायचं. फ्लायस्कायच्या या ट्रान्समीटरवर सेटिंग जपायला कॅन्सलच लांब दाबावं लागतं. नवीन माणूस ओके दाबून बाहेर पडतो आणि समजतो, झालं. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) किंचित वर, रडर (डावी-उजवी वळवणारं उभं पातं) किंचित डावीकडे असंही ठेवलं. सिग्नल गेलाच तर विमानाने मोटर बंद करून रुंद चकरा घेत खाली यावं.

पुन्हा चाचणी घेतली. ट्रान्समीटर बंद केल्यावर साधारण सेकंदाभरात मोटर थांबली, रडर ठरलेल्या जागी गेला. तिन्ही नगांवर तीन-तीनदा करून बघितलं, तिन्ही पास. आणखी एक बघितलं: ट्रान्समीटर बंद असताना आधी विमानाला वीज दिली तर काय होतं? काहीच नाही. सर्व्हो ढिले राहतात, मोटर गप्प. असंच हवं.

१० नोव्हेंबर, रविवार

माळावर रेंजची चाचणी. विमानाचा सांगाडा तयार नव्हता, म्हणून रिसीव्हर, बॅटरी आणि एक सर्व्हो फोमच्या तुकड्यावर चिकटवून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवले. सर्व्होच्या आर्मला लाल कापडाची चिंधी बांधली, लांबून दिसावी म्हणून. भाचा खुर्चीजवळ. मी ट्रान्समीटर कमरेशी धरून पावलं मोजत मागे मागे जायचं, काडी हलवत राहायची. चिंधी अडखळली की त्याने हात वर करायचा.

आयए६बी दुसऱ्या विमानातून काढून आणला होता. चारशे पावलांपुढे बांध आला, तिथवर अडखळला नाही. नंबर एक २६० पावलांवर अडखळला, नंबर दोन ३१०. नंबर तीन ४० पावलांवर हात वर.

तिन्ही नग एकाच पाकिटातले, एकाच दिवशी आलेले. स्वस्त मालाबद्दल मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. तो सरसकट वाईट नसतो, पण एका नगावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. ज्याने फक्त नंबर दोन घेतला असता तो त्याचं कौतुक करत फिरला असता, आणि फक्त नंबर तीन घेणाऱ्याने सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या. तीनवर लाल फुली मारून ठेवलाय, नंतर उघडून बघेन.

ही रेंज जमिनीलगतची आहे हे भाच्याला समजावलं. दोन्ही टोकं जमिनीच्या जवळ असली की लहरी मातीत आणि गवतात जिरतात. विमान वर गेलं की मधे काही नसतं, तीच जोडी बरीच लांब पुरते. त्यामुळे जमिनीवर अडीचशे पावलं मिळाली तर आमच्या दीडशे-दोनशे मीटरच्या उडवण्याला ती पुष्कळ आहेत.

मग नंबर दोनची अँटेना मुद्दाम बॅटरीला चिकटवून बघितली. ३१० वरून १२० पावलांवर आली! बाकी काहीच बदललं नव्हतं. अँटेना म्हणजे ती सबंध वायर नव्हे. वायरच्या टोकाला आवरण सोललेला जो ३१ मिलिमीटरचा भाग असतो, तेवढीच अँटेना. बाकी नुसती केबल. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.३ सेंमी, तिचा चौथा हिस्सा म्हणजे हे ३१ मिलिमीटर. हे टोक मोकळं, सरळ, बॅटरी-मोटर-ईएससीपासून दूर हवं, कार्बनच्या नळीत तर अजिबात नको. टोक कापायचं नाही, गुंडाळायचं नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात. विमान वळलं की एकीचा कोन बिघडतो, तेव्हा दुसरीचा सुधारतो.

भाच्याने विचारलं, पूर्वी विमानांना लांब वायर लोंबायची ती का? तेच गणित. मी कॉलेजात असताना ७२ मेगाहर्ट्झचे सेट होते. तिथे लहरीची लांबी चार मीटरच्या वर, म्हणून चौथा हिस्सा मीटरभर. मैदानावर एका फळीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत, प्रत्येकावर चॅनलचा क्रमांक. आपल्या क्रिस्टलचा (चॅनल ठरवणाऱ्या तुकड्याचा) चिमटा हातात असल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. एकदा एकाने चिमटा न घेता चालू केला, आणि त्याच क्रमांकावर हवेत असलेलं बाल्साचं विमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीत घुसलं. सहा महिन्यांचं काम होतं ते. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर आपसात ओळख ठेवतात, पट्ट्यात जागा बदलत राहतात, चिमट्यांची गरज उरली नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या साधनांना परवान्याशिवाय वापरता येतो. चारशे रुपयांत रिसीव्हर मिळतो त्याचं मूळही तिथेच आहे. वायफाय, ब्लूटूथ सगळे याच पट्ट्यात, त्यामुळे जगभर या चिपा ढिगाने बनतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

विमान पूर्ण. वजन ८६२ ग्रॅम. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ५५ मिलिमीटरवर. नंबर दोन बसवला, अँटेना उसाच्या रसवंतीतून मागून आणलेल्या स्ट्रॉमध्ये घालून पाठीवर उभी केली. भाचा म्हणाला, "मामा, सर्व्हो गुणगुणतायत." मी म्हटलं, नवे आहेत, बसतील.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सव्वासात. धुकं विरलेलं, वीटभट्टीचा धूर सरळ वर. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-हद्दींच्या नकाशावर आमचा माळ हिरव्या भागात आहे, तिथे मर्यादा १२० मीटरची. आम्ही निम्म्यावरही जात नाही. फेलसेफ बघितला, रेंज बघितली, भाच्याने विमान हातातून सोडलं.

छान उडालं. बारीक दुरुस्तीचे दोन खटके एलेव्हेटरला, एक रडरला, की काड्या सोडल्या तरी सरळ. भाच्याचे डोळे विमानावरून हलत नव्हते. चार मिनिटं झाली असतील. चौथी चक्कर संपवून आमच्याकडे आणायला डावीकडे वळवलं आणि सरळ करायला गेलो, तर हातात काहीच नाही. मोटरचा आवाज गेला. विमान तसंच डावीकडे कलत नाक खाली घालायला लागलं. मधेच अर्धा सेकंद ऐकल्यासारखं झालं, पंख सरळ झाले, पुन्हा काही नाही. तात्यांच्या उसाच्या फडात गेलं. आमच्यापासून फार तर दीडशे मीटर.

बांधावर तात्या उभे होते. "आरं, पाटाच्या कडंकडंनं जावा, मधनं शिरून ऊस मोडू नगा." आम्ही सरी धरून आत गेलो. आडसाली ऊस, डोक्याच्या दीडपट उंच, वरचं आभाळसुद्धा धड दिसत नाही. पाल्याने हाता-मानेवर ओरखडे. पडल्याची दिशा बाहेरून पक्की वाटत होती, आत शिरल्यावर काही उरली नाही. वीस मिनिटं शोधलं.

तेवढ्यात भाच्याला सुचलं. ट्रान्समीटर माझ्या गळ्यात होता, चालूच. तो म्हणाला, "मामा, काड्या हलवा, सर्व्हो वाजतील." थ्रॉटल पूर्ण खाली आहे याची खात्री केली, आत माणसं असताना पंखा फिरायला नको. मग एलेरॉन (पंखांवरची पाती) डावी-उजवी, डावी-उजवी. दोघंही श्वास धरून उभे. डावीकडून, दोन सऱ्या पलीकडून बारीक किर्र-किर्र आलं. एका दांड्याला पंख अडकून विमान कमरेइतक्या उंचीवर लोंबत होतं. नाक चेपलंय, पंखा तुटलाय, बाकी शाबूत.

घरी येईपर्यंत तिघांनी सांगून झालं होतं: स्वस्तातला रिसीव्हर घातलास ना, हेच होणार. मला पटलं नाही, आणि कारण ते किर्र-किर्र. गच्च ओल्या उसात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचा टिकाव लागणं अवघड, ओला पाला त्या पिऊन टाकतो. तरी रिसीव्हर तिथे आमचं ऐकत होता. मग मोकळ्या आभाळात, दीडशे मीटरवर त्याला ऐकू आलं नाही हे कसं? आणि दुसरी गोष्ट. सिग्नल गेला असता तर फेलसेफप्रमाणे रडर थोडा आणि एलेव्हेटर वर, असं विमान हळू चकरा घेत आलं असतं. हे तर शेवटच्या कलात गोठून गेलं. सर्व्होंना हुकूम मिळत नव्हता की वीजच मिळत नव्हती?

१८ नोव्हेंबर, सोमवार, रात्री

नंबर दोन बाजूला ठेवला. बाकी सगळं आहे तसं ठेवून आयए६बी लावला, कारण तो स्वतःला मिळणारा व्होल्टेज ट्रान्समीटरच्या पडद्यावर पाठवतो. ताजी भरलेली बॅटरी, पंखा काढलेला, मोबाइलवर घड्याळ.

सुरुवातीला ५.० व्होल्ट. काड्या फिरवल्या की ४.७, सोडल्या की परत ५.०. दोन मिनिटं गेली, तीन गेली. ईएससीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, चटका बसला. ३ मिनिटं ४० सेकंदांनी आकडा पडद्यावरून गायब, रिसीव्हरचा दिवा विझला, सर्व्हो ढिले. वीसेक सेकंदांनी सगळं आपोआप परत आलं.

कालचंच दृश्य टेबलावर. रिसीव्हर महाग, तरी अपघात तोच.

मग सर्व्होंकडे जाणाऱ्या लाल वायरमध्ये मल्टिमीटर लावला. काड्या मधोमध, कुणी काही हलवत नाही, तेव्हा चार लहान सर्व्हो आणि रिसीव्हर मिळून शंभर मिलिअँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. मीटर १.१ अँपिअर दाखवत होता.

एकेक सर्व्हो काढत गेलो. एलेव्हेटरची तार नळीत घासतेय, सर्व्हो सतत तिला ढकलतोय. उजव्या एलेरॉनचा आर्म फोमला पाडलेल्या खाचेच्या कडेला मधल्या जागेतच टेकतोय. त्याला जिथे पोचायचंय तिथे तो कधीच पोचत नाही, म्हणून जोर लावत राहतो. शनिवारी भाच्याने ऐकलेलं गुणगुणणं ते हेच. त्याने नेमकं सांगितलं होतं आणि मी ऐकून घेतलं नाही. हे त्याला उद्या फोनवर सांगायचं आहे.

पुढचं गणित सरळ आहे. ईएससीवर बीईसी (रिसीव्हर-सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) ५ व्होल्ट २ अँपिअर छापलंय. हीटश्रिंक कापून बघितलं तर आत ७८०५ जातीचे दोन रेग्युलेटर शेजारी-शेजारी. हे रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज नुसता उष्णतेत घालवतात. भरलेली ३ सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट, लागतात ५, म्हणजे ७.६ व्होल्ट जाळायचे. गुणिले १.१ अँपिअर, ८ वॉटच्या वर. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. त्याचा तिसरा हिस्सा उष्णता फोमच्या बंद डब्यात, वारा यायला एक भोक नाही. रेग्युलेटर तापून स्वतःला वाचवायला बंद पडले आणि त्यांच्याबरोबर रिसीव्हर, सर्व्हो, ईएससीचं डोकं, सगळं एकदम गेलं. खाली पडून गार झाले तेव्हा पुन्हा चालू झाले, म्हणून उसात आवाज आला.

हवेत हे झालं की खालून बघणाऱ्याला ते "सिग्नल गेला" असंच दिसतं. माझीही दोन जुनी विमानं सिग्नल गेला म्हणून वहीत नोंदली आहेत. आता त्या नोंदींवर माझाच विश्वास राहिलेला नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान करून आलो. सुटीचा दिवस दुरुस्तीला दिला.

खाच कटरने २ मिलिमीटर रुंद केली. एलेव्हेटरच्या नळीचा बाक काढला, तार आता नुसत्या बोटाने सरकते. मीटर ९० मिलिअँपिअरवर आला. दोन ठिकाणी कटर चालवून एक अँपिअर वाचला.

तरी बीईसी बदललाच. वेगळा स्विचिंग बीईसी, ५ व्होल्ट ३ अँपिअर, २८० रुपये. हा जास्तीचा व्होल्टेज जाळत नाही, तुकडे पाडून रूपांतर करतो, त्यामुळे कोमट राहतो. बॅटरीच्या वायरींना सोल्डर करून त्याचा प्लग रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलमध्ये. ईएससीच्या तीन वायरींच्या प्लगमधली मधली लाल पिन टाचणीने उचकटून बाहेर काढली आणि टेपने गुंडाळून ठेवली, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. सिग्नल आणि काळी वायर तशीच राहू द्यायची. काळी काढली तर सिग्नलला थेट परतीची वाट राहत नाही.

आणखी एका मोकळ्या चॅनलवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला. याला लोक जादूटोण्यासारखं मानतात. तो चार सर्व्हो एकदम उचलतात तेव्हाची व्होल्टेजमधली मिलिसेकंदांची खोच भरतो, एवढंच. परवाच्या आजारावर त्याचा काही उपयोग झाला नसता.

नाकाला खाली वारा घ्यायला भोक, मागे सोडायला भोक. टेबलावर पंधरा मिनिटं सतत काड्या फिरवल्या. पडद्यावर ४.९ च्या खाली आकडा आला नाही. अर्थात पडद्यावरचा आकडा सावकाश बदलतो, क्षणाची खोच त्यात दिसणार नाही. पण बोट बीईसीवर निवांत ठेवता येतंय, हा पुरावा मला जास्त पटतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

परत नंबर दोन बसवला. मुद्दाम. ज्याच्यावर आळ आला होता त्यानेच हे विमान उडवावं असं मला मनापासून वाटत होतं. रेंज २९० पावलं, फेलसेफ ठीक.

पहिलं उड्डाण ९ मिनिटं, दुसरं ८. एकदाही अडखळलं नाही. दुसऱ्या वेळी उंचावर असताना भाच्याच्या हातात काड्या दिल्या, माझे हात त्याच्या हातांखाली. त्याने तीन चकरा घेतल्या. तात्या बांधावरून ओरडले, "आज न्हाई व्हय आमच्याकडं?"

८ डिसेंबर, रविवार

भाच्याची चाचणी परीक्षा, म्हणून आज एकटाच. नंबर तीन उघडला.

हीटश्रिंक ब्लेडने सोललं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघितलं. रेडिओची चिप ए७१०५ म्हणून छापलेली, फ्लायस्कायची प्रणाली याच चिपवर चालते. शेजारी छोटा मायक्रोकंट्रोलर, कोपऱ्यात क्रिस्टल. दोष शोधायला दोन मिनिटं पुरली. अँटेनाची मधली तार पट्टीला टेकली होती, पण सोल्डर तिच्यावर चढलंच नव्हतं. भोवती कडा उठलेली, राखाडी, खडबडीत. नखाने हलवली तर तार हलली, सोल्डर जागचं हललं नाही. फ्लक्सचा थेंब, बारीक टोक, एक सेकंद उष्णता. सोल्डर चमकून तारेवर चढलं. आवरणाची जाळी मधल्या तारेला टेकत नाही हे मीटरने तपासलं, नवं हीटश्रिंक घातलं.

दुपारी माळावर खुर्ची नेली. चाळीस पावलांचा नग आता २७०.

ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने मात्र असा नग सरळ परत करावा. अर्धवट दुरुस्त केलेला जोड टेबलावर चालतो आणि हवेतल्या थरथरीत सुटतो.

२२ डिसेंबर, रविवार

वाटणी ठरली. ट्रेनरमध्ये आयए६बी. नंबर दोनने काही बिघडवलं नाही, तरी शिकणाऱ्या मुलाच्या विमानात रिसीव्हरचा व्होल्टेज समोर दिसणं मला रेंजहूनही महत्त्वाचं वाटतं. ४.६ व्होल्टला गजर लावलाय. दोन अँटेनांचा फायदाही आहे. नवा माणूस विमान कसंही, कोणत्याही कोनात नेतो.

एक आणि दोन हलक्या ग्लायडरांना. २०० ग्रॅमची फोमची, मोटर नाही, सर्व्हो दोनच, शंभर मीटरच्या आत. तिथे ६ ग्रॅमचा रिसीव्हर म्हणजे वरदान. तीन नंबर टेबलावर, सर्व्हो तपासायला.

गावातल्या एका मित्राला लांब पल्ल्याचं विमान करायचंय, त्याने विचारलं की ९१५ मेगाहर्ट्झचा एक्सप्रेसएलआरएस (लांब पल्ल्याची रेडिओ प्रणाली) संच स्वस्तात मिळतोय, घेऊ का? त्याला थांबवलं. आपल्याकडे ९१५ च्या आसपास मोबाइल कंपन्यांची गर्दी आहे, तो पट्टा आपल्याला मोकळा नाही. भारतात परवान्याशिवाय आहे तो ८६५ ते ८६८, आणि एक्सप्रेसएलआरएसमध्ये भारतासाठी ८६६ ची वेगळी निवड दिलेली आहे. नाहीतर २.४ चाच संच घ्यावा. त्याचे रिसीव्हर एका ग्रॅमच्या आतही मिळतात आणि आमच्या जुन्या प्रणालीपेक्षा कितीतरी लांब ऐकतात. पुढच्या विमानाला मीही तोच घेईन. पण सोबत मिळणारा बीईसी आणि सर्व्होची घासणारी तार तीच असेल, हेही त्याला सांगितलं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

आज उडवणं नाही. आभाळभर पतंग, मांजा पंख्यात गुंतला तर मोटर जळेल आणि पतंगाच्या मागे धावणारं पोर खाली असेल. तिळगूळ घेऊन ताईकडे गेलो. भाच्याने पंखाची चेपलेली कड स्वतः चिकटवून ठेवली होती, सरळ.

१९ जानेवारी, रविवार

कारखान्याच्या धुराड्याचा धूर किंचित पूर्वेला झुकलेला, म्हणजे वारा नावालाच. तात्यांचा फड तोडून मोकळा झालाय, नुसतं पाचट पसरलंय.

भाच्याने सगळं स्वतः केलं. ट्रान्समीटर आधी, विमान मागून. सर्व्होंजवळ कान नेऊन ऐकलं. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, योग्य दिशेने हलतात का ते बघितलं. मला विमान घट्ट धरायला लावलं, पंख्यासमोरून बाजूला उभं केलं, थ्रॉटल थोडा वर नेला आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबली. "एक सेकंद," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं.

मग मी विमान सोडलं, त्याने उडवलं. माझे हात आज खिशात होते, थंडीही होती. उतरताना जरा जास्त वेग राहिला, माळ संपला, विमान तोडलेल्या फडात पाचटावर घसरत जाऊन थांबलं. काही मोडलं नाही.

त्याच्या अक्षरातली नोंद: उड्डाण ७ मिनिटं १० सेकंद. बॅटरी उतरल्यावर ११.४ व्होल्ट. रिसीव्हरचा सगळ्यात कमी व्होल्टेज ४.९. बीईसी हाताला कोमट.